डबा रिकामा परत देऊ नये

रत्नाकरराव बेलसऱ्यांचं हॉटेलांबद्दल एक ठाम मत होतं. कोणी विचारो न विचारो, ते सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"हॉटेलात माणूस करतो काय? झोपतो! आणि एकदा डोळे मिटले की वर सिमेंटचं छत आहे की कापडाचं, कोणाच्या बापाला कळतंय?"

यावरून तुम्ही त्यांना चिक्कू म्हणणार असाल तर खुशाल म्हणा. रियाधमधली अख्खी अल मलाझ वस्ती म्हणते. रत्नाकरराव स्वतःला 'नियोजनबद्ध' म्हणवून घेत. ज्या गावात उन्हाळ्यात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की तव्याची आठवण येते, त्या गावात हा गृहस्थ उड्डाणपुलाचा उतार आला की गाडीचा एसी बंद करायचा! "उतारावर गाडी आपोआप पळते, वारा आपोआप येतो!" शेजारी सुहासिनीबाई पदराने आणि मागे लेक नूपुर हाती लागेल त्या कागदाने वारा घेत बसायच्या. बोलून उपयोग नाही हे दोघींना कधीच कळलं होतं.

तर यंदाच्या उन्हाळ्यात रत्नाकररावांनी जाहीर केलं, "अबह्याला जायचं. डोंगरात. थंड हवा, वर ढग, आणि स्की!"

स्की म्हणजे काय, तर अबह्याच्या एका डोंगरउतारावर कोणीतरी पांढऱ्या प्लास्टिकच्या ब्रशांच्या चटया अंथरल्या होत्या. त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडत, आणि एक यंत्र मधूनमधून घसा खाकरून भुसभुशीत बर्फ थुंकायचं. पण रियाधच्या भट्टीतून आलेल्या माणसाला तेवढंही स्वित्झर्लंड! त्यामुळे तिथल्या हॉटेलांचे भाव आभाळाला भिडलेले. रत्नाकररावांच्या डोळ्यांत मात्र चमक. स्कीच्या पायथ्याशी मोकळं मैदान होतं, आणि तिथे कोणीही तंबू ठोकून राहावं, फुकट!

तंबू दिला गफूरभाईंनी. हे मूळचे हर्णैचे, बत्ह्याच्या बाजारात ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान. "ने बाबा," ते म्हणाले, "पण तुला ठोकता येतो का?"

"गफूरभाई, मी मेंटेनन्स इंजिनियर आहे!"

"म्हणून तर विचारलं," गफूरभाई म्हणाले.

तंबू दिवाणखान्यात पसरून त्याची भोकं मोजणं चालू असतानाच जुबैलहून फोन आला. अशोक चित्रे! आता हे चित्रे म्हणजे साधी असामी नव्हे. त्यांचा मुलगा अमोघ हे नूपुरला आलेलं स्थळ. पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे नूपुरला आवडलेला! महिनाभर ती फोन आला की खोलीचं दार लोटून घेत होती आणि बाहेर आली की उगाचच आईच्या गळ्यात पडत होती. सुहासिनीबाईंनी देव पाण्यात घातले होते. कारण याआधीचं खोबर शहरातलं स्थळ रत्नाकररावांनीच घालवलं होतं. पाहुणे सोफ्यावर बसलेले असताना त्यांनी "छान झुळूक सुटलीय" म्हणून एसी बंद केला होता. ऑगस्टमध्ये. मुलाच्या आईला पाणी मारून शुद्धीवर आणावं लागलं आणि मग ते लोक जे गेले ते गेलेच.

"बेलसरेसाहेब," चित्रे म्हणत होते, "आम्ही सुट्टीत अबह्याला चाललोय. तुम्हीही येताय असं ऐकलं. मग मुलांची गाठभेट, आपलं कांदेपोहे, तिथेच उरकू या का?"

"वा! वा! उत्तम!"

"तुम्ही कुठे उतरणार?"

रत्नाकररावांची नजर पायांशी पसरलेल्या तंबूवर गेली. मग त्यांना खोबरवाल्या बाईंचा घामेजलेला चेहरा आठवला आणि तोंडातून निघून गेलं, "स्कीच्या समोरचं मोठं हॉटेल आहे ना? तिथेच!"

पलीकडे एकदम शांतता पसरली. रत्नाकररावांना वाटलं, नेटवर्क गेलं.

"अरे... वा," चित्र्यांचा आवाज आला. "आम्हीही तिथेच. मग शुक्रवारी सकाळी लॉबीत भेटू."

फोन ठेवला आणि घरात स्फोट झाला.

"अहो! तंबू हॉलभर पसरलाय आणि तुम्ही हॉटेल सांगता?" सुहासिनीबाई कडाडल्या.

"अगं, भेटायचं लॉबीत! आणि लॉबी फुकट असते! सोफ्यावर बसायला खोली कशाला लागते?"

"Baba, no!" नूपुर रडवेली झाली. "या वेळी तुमचं जुगाड नको. प्लीज! मला अमोघ खरंच आवडतो."

लेकीने असं तोंडावर सांगितल्यावर रत्नाकररावांनी खरंच हॉटेलांना फोन लावून पाहिले. पण तोवर हॉटेलं भरलेली होती, आणि 'खोटं बोललो' असं जुबैलला कळवायची त्यांची छाती नव्हती. "मी सांभाळतो," ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं की त्या घरात हल्ली कोणालाच धीर येत नसे.

रात्रभर वाळवंट तुडवून गाडी डोंगरावर चढली आणि खरंच, काय हवा हो! खिडकी उघडी, गारगार वारा, आणि धुकं तर असं की आपल्याच गाडीचं नाक दिसेना. मैदानात तंबूच तंबू होते. रत्नाकररावांनी जागा हेरली ती एका प्रचंड तंबूला खेटून. प्रचंड म्हणजे किती? आत गालिचे, तक्के, बाहेर जनरेटर, आणि आपल्याकडच्या मंगल कार्यालयासारखी वर्दळ! तो होता अबू सालेमचा. अबू सालेम हा तिथलाच डोंगरातला सौदी गृहस्थ, पांढरी दाढी, ढगासारखा आवाज, आणि सोबत मुलं, सुना, नातवंडं असा सगळा कबिला.

इंजिनियरसाहेबांनी तंबू उभारायला घेतला. थोड्याच वेळात तंबू आडवा, इंजिनियरसाहेब त्याच्या आत, आणि कापडाला एक टेंगूळ इकडून तिकडे फिरताना दिसू लागलं.

"अहो, बाहेर या!" बाहेरून सुहासिनीबाई.

"बाहेर कुठल्या बाजूला आहे?" आतून रत्नाकरराव.

तेवढ्यात गडगडाट झाला, "यल्ला!" आणि अबू सालेमची मुलं धावली. बघता बघता तंबू ताठ उभा! मग तो म्हातारा आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम मेहमान! खलास!" आणि पाठोपाठ खजुरांनी भरलेली परात आणि कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली आली.

इथवर सगळं ठीक होतं. इथे जर सुहासिनीबाईंनी नुसतं 'शुक्रन' म्हणून आभार मानले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण त्या नाशिकच्या! त्यांच्या आईने त्यांना एकच गोष्ट पक्की शिकवली होती, की शेजारणीचं भांडं आलं तर रिकामं परत द्यायचं नाही. वाटीत चिमूटभर साखर घाल, लिंबू टाक, पण रिकामं नाही.

"परात रिकामी कशी पाठवू?" त्यांनी डबे उघडले. चित्र्यांसाठी म्हणून बेसनाचे लाडू, चकल्या, शंकरपाळे असा जंगी फराळ केला होता. त्यातले शंकरपाळे परातीत पडले. "एवढ्याने काय होतंय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

काय होतंय? अबू सालेमने शंकरपाळा तोंडात टाकला, डोळे मिटले, "मा शा अल्लाह!" म्हणाला आणि त्याची चक्रं फिरली. पाहुण्याने आपल्याला दिलं! मग आपण गप्प बसायचं? संध्याकाळच्या आत परात परत आली ती अख्खा डोंगर घेऊन. गरम रोटीचा कुस्करा, वर तूप, वर मध, आणि कडेने खजूर! हे लोक मांस खात नाहीत हे नूपुरने सांगितलं होतं, म्हणून खास बिनमांसाचं.

"हे तर आपल्या मलिद्यासारखंच लागतं!" रत्नाकररावांनी बोटं चाटली. "आणि जेवणाचा खर्च वाचला! बघ, मी म्हणत नव्हतो?"

"परात?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

या वेळी त्यांनी लाडू काढले. पण एवढ्या परातीत थोडे लाडू म्हणजे मैदानात विस्कटलेली पोरं, म्हणून ते त्यांनी आपल्याच स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा परातीत ठेवून पाठवला. अबू सालेम दारातच उभा होता. त्याने डबा वर धरून धुक्यात पलीकडे हात केला, "उधर भी हिंदी! तुम्हारा भाई! उसको भी देगा!"

"असतील कोणी भारतातले, केरळचे," रत्नाकरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परातीतून मधाची बरणी आली आणि सोबत एका ताटलीत चिवडा! पातळ पोह्यांचा, कढीपत्ता, डाळं, काजू घातलेला.

सुहासिनीबाईंनी चिमूट तोंडात टाकली आणि त्या थबकल्या. "अहो, हे अरब लोक चिवड्यात कढीपत्ता कधीपासून घालायला लागले?"

"बत्ह्यात सगळं मिळतं," रत्नाकरराव चिवड्याचा बकाणा भरत म्हणाले. "खोबरं जरा खवट आहे, पण फुकटात आहे."

सुहासिनीबाईंनी नूपुरकडे पाहिलं. नूपुर एकदम उठली. "मी स्कीला जाते!" आणि धुक्यात नाहीशी झाली. आल्यापासून पोरगी सारखी स्कीलाच. लेकीला बर्फाचं एवढं वेड आहे हे रत्नाकररावांना माहीतच नव्हतं. बिचारीचं शुक्रवारचं दडपण असेल, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी एक उसासा सोडला.

मधाच्या बदल्यात चकल्या गेल्या. चकल्यांच्या बदल्यात गालिचा आला! गालिच्याच्या बदल्यात थालीपिठं गेली, लसणीची चटणी गेली, दाण्याचा कूट गेला. त्याबद्दल तक्के आले. तंबूत आता बसायला अरबी थाट आणि खायला काही नाही, अशी अवस्था झाली. तेव्हा रत्नाकररावांनी गफूरभाईंना फोन लावला.

"काय केलंस रे बाबा!" गफूरभाई ओरडले. "परत पाठवलंस?"

"मग? रिकामी परात द्यायची?"

"अरे, तो डोंगरातला खानदानी माणूस! तू एक दिलंस की तो दोन देणार, तू दोन दिलंस की तो चार देणार. तुझ्या बायकोने हात आखडला नाही तर त्याचा कशाला आखडेल? आमच्या हाजराने एकदा शेजारणीला सांदणं पाठवली. तिकडून फ्रीज आला, फ्रीज!"

"मग आता थांबवू कसं?"

"थांबत नाही ते! तंबू उचल आणि पळ!"

"पळू कसा? शुक्रवारी चित्र्यांना भेटायचंय!"

एवढं बोलून होतंय तोच बाहेरून आवाज आला, "बॅऽऽ!"

रत्नाकररावांनी पडदा बाजूला केला. समोर अबू सालेम, हातात दोर, आणि दोराला एक दणकट मेंढा. पाहुण्यांच्या मानासाठी! रत्नाकररावांनी कान पकडले, हात जोडले, मान हलवली. "नो लहम, नो मटण! हम नहीं खाता!" अबू सालेमने क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "नहीं खाता? अच्छा! पालो! रियाध ले जाओ!" आणि मेंढा तंबूच्या कोपऱ्यातल्या खुंटीला बांधून तो निघूनही गेला.

मेंढा रत्नाकररावांकडे बघत राहिला. रजेचा अर्ज पुढे केल्यावर त्यांचे मॅनेजर बघतात, अगदी तस्सा.

"सुहासिनी," ते खोल आवाजात म्हणाले, "आता काही म्हणजे काही पाठवायचं नाही."

"अहो, अख्खा मेंढा आला! त्याच्या बदल्यात काहीच नाही?" आणि या बाईंनी शुक्रवारच्या कांदेपोह्यांसाठी ठेवलेले पोहे, कांदे, दाणे, होतं नव्हतं ते सगळं फोडणीला टाकलं आणि मोठं पातेलं भरून अबू सालेमकडे धाडलं! कांदेपोह्यांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी आणि पोहे आदल्या दिवशीच संपले. डब्यांत उरली चहाची पावडर.

शुक्रवार उजाडला. धुकं जरा विरळ झालं होतं. रत्नाकररावांनी गादीखाली घालून इस्त्री केलेला सूट चढवला, टाय बांधला, अत्तर लावलं. तरी अंगाला स्टोव्हच्या धुराचा वास येतच होता. नूपुर पहाटेच "एकदाच शेवटचं स्की" म्हणून गेलेली. सुहासिनीबाई बाहेर स्टोव्हवर चहा ठेवत होत्या.

"हे बघ," रत्नाकरराव टायची गाठ आवळत म्हणाले, "आपण आधी जाऊन लॉबीत बसायचं. म्हणजे खोलीतून खाली आलोय असं वाटेल. खोलीचा नंबर विचारला तर म्हणायचं..."

काय म्हणायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कारण त्याच क्षणी वर डोंगरावर त्या यंत्राने बर्फ थुंकायला मोठ्ठा घसा खाकरला, मेंढा बिथरला आणि त्याने हिसका दिला. खुंटी उपटली! पाठोपाठ दुसरी, तिसरी! तंबूने एक सुस्कारा टाकला आणि रत्नाकररावांच्या सुटाबुटासकट खाली बसला.

"अहो!" सुहासिनीबाई किंचाळल्या.

रत्नाकरराव कापडातून बाहेर आले ते टाय पाठीवर आणि केस कपाळावर घेऊन. मेंढा दोर आणि खुंट्या फरफटत स्कीच्या दिशेने पळत होता. "अरे, गफूरभाईंच्या खुंट्या!" असं ओरडून ते मागे धावले. मेंढा उताराच्या कडेच्या पायऱ्या चढला. हेही चढले. धापा टाकत वर पोचले, दोरावर झडप घातली, आणि बूट पांढऱ्या ओल्या चटईवर पडला.

मग काय झालं, ते बघायला सगळं मैदान जमलं होतं. पुढे मेंढा, मागे दोर धरून बसल्या बैठकीत रत्नाकरराव, अशी वरात सुसाट खाली निघाली! फवारे तोंडावर, बर्फ कॉलरमध्ये! तशातही त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला, तिकीट लागलं नाही! पण पुढच्याच क्षणी त्यांना उताराच्या कडेला नूपुर दिसली. तोंडावर हात ठेवून ती बघत होती. तो विचार जागच्या जागी विरघळला आणि मनात एकच राहिलं, मी माझ्या पोरीचं वाटोळं केलं.

खाली सार्वजनिक नळ होता. तिथे वरात थांबली. रत्नाकररावांनी डोळ्यांतलं पाणी पुसून वर पाहिलं. समोर बनियन आणि अर्धी चड्डी घातलेला, खांद्यावर टॉवेल, तोंडात टूथब्रश घेतलेला एक गृहस्थ उभा होता. हा चेहरा व्हिडिओ कॉलवर पाहिलेला. अशोक चित्रे!

"बे... बेलसरेसाहेब?" चित्र्यांच्या तोंडातून फेस आला.

"चित्रेसाहेब! मॉर्निंग वॉकला आलात?" रत्नाकरराव बसल्या बसल्या म्हणाले. सवय हो, दुसरं काय!

"हो... हो! तुम्हीही?"

"हो. हा आमचा..." त्यांनी मेंढ्याकडे पाहिलं. मेंढ्याने त्यांच्याकडे पाहिलं. आणि काय झालं कोण जाणे, रत्नाकररावांना ते सगळं एकदम असह्य झालं. सूट भिजला होता, कंबर ठणकत होती आणि वरून लेक धावत खाली येत होती. ते हात जोडून म्हणाले, "नाही साहेब. मॉर्निंग वॉक नाही. हॉटेलही नाही. आम्ही तिकडे तंबूत राहतोय. मी थाप मारली. मला हॉटेलावर खर्च करवत नाही, माझा स्वभावच मेला तसा! पण यात नूपुरचा काही दोष नाही. ती गुणाची आहे हो. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण माझ्यापायी तिला नकार देऊ नका!"

चित्र्यांनी टूथब्रश तोंडातून काढला. पायाशी एक बादली होती, ती त्यांनी पालथी घातली आणि मटकन तिच्यावर बसले.

"बेलसरे," ते म्हणाले, "ही बादली कोणाची, माहितेय?"

"हॉटेलची?"

"माझी! जुबैलहून आणलीय! आम्ही त्या मोठ्या तंबूच्या पलीकडे आहोत, परवापासून! तुम्ही फोनवर हॉटेल म्हणालात आणि माझी वाचाच बसली. पोराचा बाप तंबूत राहतो म्हटलं तर मुलीकडचे काय म्हणतील? सूट गाडीत टांगलाय. मी लॉबीत आधी जाऊन बसणार होतो!"

"म्हणजे खोलीतून खाली आलोय असं..."

"...वाटावं म्हणून!"

मग आधी चित्र्यांना हसू फुटलं, मग रत्नाकररावांना, आणि दोघं असे हसले की मेंढा घाबरून दोन पावलं मागे सरकला. रत्नाकररावांच्या छातीवरचा केवढा धोंडा उतरला म्हणून सांगू! एवढं हलकं त्यांना उड्डाणपुलाच्या उतारावरही कधी वाटलं नव्हतं.

"बाबा, लागलं का?" नूपुर धापा टाकत आली. पाठोपाठ एक उंच मुलगा, हातात तिचा स्कार्फ.

"हा कोण?" रत्नाकररावांनी विचारलं, आणि मग त्यांना कळलं. "अमोघ? तू इथे? तुम्ही दोघं... स्की?"

"काका, आम्ही पहिल्याच दिवशी रांगेत भेटलो," अमोघ ओशाळून म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि बोलली नाहीस?"

"बाबा, you were so happy with your plan," नूपुर म्हणाली आणि बापाच्या ओल्या सुटाला बिलगली.

तोवर सुहासिनीबाई आल्या, आणि त्यांच्या मागून एक बाई पदराखाली काहीतरी झाकून आल्या. चित्रेवहिनी! दोघी बायका एकमेकींकडे बघून अशा हसल्या की जणू शेजारणीच.

"तूसुद्धा?" रत्नाकरराव म्हणाले.

"चिवडा खाल्ला तेव्हाच मला संशय आला. नूपुरला कोपऱ्यात घेतलं, तिने सगळं सांगितलं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आणि हो, तुम्ही त्यातल्या खोबऱ्याबद्दल काय म्हणालात ते मी यांना सांगितलेलं नाही."

"आणि मला डबा आला तेव्हाच कळलं," चित्रेवहिनींनी पदराखालून स्टीलचा डबा काढला. झाकणावर टाकलेलं नाव लख्ख दिसत होतं, सौ. सुहासिनी र. बेलसरे. "यांना सांगितलं नाही. म्हटलं, एवढी मेहनत करून थाप मारलीय, मारू दे बापड्याला!"

म्हणजे अख्ख्या मैदानात ज्यांना काहीच माहीत नव्हतं असे दोनच प्राणी होते. तिसरा मेंढा.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला अबू सालेमच्या तंबूत. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्यानेच सगळ्यांना हाताला धरून नेलं. पोहे कुठले? ते त्याच्या नातवंडांनी कालच फस्त केलेले. मग तूप आणि मध घातलेला तो मलिदा आला, कहवा आला, आणि अबू सालेम नूपुर-अमोघकडे बघून "मबरूक! मबरूक!" असा गरजला. अजून कोणी कोणाला होकार दिला नव्हता, पण त्याला 'नाही' म्हणायची कोणाची टाप होती?

उठायची वेळ झाली तेव्हा चित्रेवहिनी तो स्टीलचा डबा हातात घेऊन घुटमळल्या. "सुहासिनीताई, तुमचा डबा द्यायचाय. पण रिकामा कसा देऊ? चिवडा गेला, करंज्या गेल्या, लोणचंसुद्धा गेलं. म्हणून तर दोन दिवस माझ्याकडे अडकलाय. आमच्याकडे आता चहाची साखर तेवढी उरलीय."

"मग तीच घाला की!" सुहासिनीबाई म्हणाल्या.

वहिनींनी डब्यात साखर भरली. द्यायला सुहासिनीबाईंकडे वळल्या, थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. आणि दोन पावलं पुढे येऊन त्यांनी तो डबा नूपुरच्या ओंजळीत ठेवला.

मुलाच्या आईने मुलीच्या हातात साखर ठेवली, याचा अर्थ काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. सुहासिनीबाईंनी डोळे पुसले, पर्समधून कुंकवाची डबी काढली, आणि झाला की हो साखरपुडा!

रत्नाकररावांचेही डोळे भरून आले होते. ते चित्र्यांच्या गळ्यात पडले आणि हुंदका आवरत त्यांच्या कानात म्हणाले, "हॉलचा खर्च वाचला!"

"मीही तोच विचार करत होतो," चित्रे म्हणाले.

आता निघायचं तेवढं राहिलं होतं. पण अबू सालेमची ती परात अजून बेलसऱ्यांकडेच होती. रिकामी! डब्यांत चहाची पावडर तेवढी. रत्नाकररावांना गफूरभाईंचा सल्ला आठवला. त्यांनी तंबू गुंडाळला, गाडी चालू ठेवली, मेंढ्याचा दोर परातीत ठेवला, परात मेंढ्यासकट अबू सालेमच्या हातात दिली, शुक्रन म्हणाले आणि धूम ठोकली! "यल्ला, बसा लवकर! तो काही परत द्यायच्या आत!"

घाट उतरताना नूपुर डबा मांडीवर घेऊन बसली होती. रत्नाकररावांनी खुशीत एसी चालू केला. उतारावर! सुहासिनीबाईंनी दोनदा बटण तपासून पाहिलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. आरशात एक पिकअप दिसली. दिवे उघडझाप करत, जोरात येणारी. खिडकीतून पांढरी दाढी बाहेर, हात हलतोय. आणि मागच्या हौद्यातून एक लांब मान वर आलेली, ओठ लोंबते, डोळे अर्धे मिटलेले.

"उंट!" नूपुर ओरडली. "बाबा, पळवा गाडी!"

रत्नाकररावांनी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. मग पाय काढला. आरशात पुन्हा पाहिलं. नवरदेवाच्या वरातीला लग्नात घोडा लागतो, आणि घोडेवाले अव्वाच्या सव्वा मागतात.

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि एसी बंद केला.